खालचा बोल्ट

वहिनीच्या हाताला जोर फार, पण तो किती लावायचा याचा अंदाज बेताचाच. दिवसभर ती दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवायची आणि तिथे तिच्या हातून केसाएवढा फरक पडत नसे. मोटारसायकलीपुढे बसली की मात्र तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे! घट्ट म्हणजे किती घट्ट, तर दातओठ खाऊन पिळेपर्यंत. याच खाक्यात तिने इंजिनचं तेल काढायच्या बोल्टाचे आटे घालवले होते आणि साखळीकडचा एक बोल्ट चक्क मधोमध तोडला होता. तुटलेला तुकडा काढून देताना गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, बोल्ट आहे हो तो, वैरी नव्हे." गॅरेजवाल्यासकट सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू.

तो टोमणा जिव्हारी लागला आणि टॉर्क रेंच घ्यायचं ठरलं. टॉर्क रेंच म्हणजे पानाच, फक्त शहाणा. कुठल्या बोल्टाला किती पीळ द्यायचा याचे आकडे गाडीच्या पुस्तकात असतात. पान्याची मूठ फिरवून तो आकडा लावायचा आणि आवळत जायचं. तेवढा पीळ बसला की पाना 'कट्' असा आवाज करतो, हाताला बारीक झटका देतो, आणि आपण थांबायचं. ज्यांना थांबायचं कळत नाही त्यांच्यासाठीच असलं हत्यार निघालेलं असतं, असं वहिनीच्या नवऱ्याने कामाच्या गावाहून फोनवर ऐकवलं. तोही टोमणाच होता, पण नवऱ्याचा, म्हणून तो तिने सोडून दिला.

खरेदीला सासरेही निघाले. आप्पांचा उभा जन्म वजनमापं तपासण्यात गेला होता. दुकानदारांचे तराजू, काटे, मापं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. नोकरी संपली तरी खोड कुठली जायला? भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं तरी काटा पुसून घ्यायचा. सुनेने मोटारसायकल चालवणं त्यांना मनापासून पसंत नव्हतं, पण घरात मोजायचं हत्यार येणार म्हटल्यावर त्यांना बसवेना. कापडी पिशवीत काहीतरी जड घेऊन ते दारात तयार.

दुकानदाराने हातभर लांब पाना काढला. "हा घेऊन जा. ट्रकच्या चाकापासून सगळ्याला चालतो."

"पोत्यांच्या काट्यावर सोनं तोलतात का हो?" आप्पांनी विचारलं. दुकानदार हसला आणि मधल्या मापाचे दोन पाने पुढे ठेवले. आप्पा वहिनीकडे वळले. "कुठलंही माप टोकांना लबाडी करतं, सूनबाई. आपले आकडे मधे पडतील असंच घ्यावं. तुझे आकडे काय?"

"बहुतेक पंचवीस ते नव्वदच्या आत."

"मग दहापासून एकशेदहापर्यंतचा घे."

इथवर एकमत झालं. पुढे वाद पेटला. एका पान्याला उघडी पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा होता, दुसरा कट् वाजणारा. आप्पांना काट्याचा हवा होता, कारण जे मोजायचं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. वहिनीचं म्हणणं, गाडीच्या पोटात पाना घातल्यावर काटा बघायला मान कुठून घालायची? तिथे कानच कामाला येतात. शेवटी गाडी तिची होती, म्हणून वाजणारा ठरला. आप्पांनी मग पिशवीतून आपली पितळी वजनं काढली, पाना शिकंज्यात आडवा धरायला लावला, दांड्यावर मोजून खूण केली आणि तिथे वजनं टांगली. हिशेबाने वाजायला हवा तिथेच पाना वाजला. "खरा आहे," आप्पा म्हणाले. उभ्या नोकरीत हे दोन शब्द त्यांनी फार थोड्यांना दिले असतील.

घरी आल्यावर त्यांनी पान्याबरोबरची घडीची पुस्तिका चष्मा लावून वाचून काढली. वापर संपला की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, नाहीतर आतली स्प्रिंग दबून दबून थकते, असं तिच्यात लिहिलं होतं. हे वाक्य आप्पांना इतकं आवडलं की त्यांनी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. तराजू रिकामा असला की शून्यावर, घड्याळ काढलं की ठरल्या खिळ्यावर आणि पाना ठेवला की दहावर. वहिनी विसरली तर ते स्वतः मूठ फिरवून ठेवायचे आणि वर फडक्याने पुसायचे. वहिनीला त्याचं कौतुकच वाटायचं. एरवी दोघांमध्ये बोलण्यासारखं काय होतं? भाजी आणि हवा.

आता भिंगरीबद्दल. ही आप्पांची धाकटी लेक, वहिनीची नणंद. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. गुरांची डॉक्टर झाली होती आणि घाटाखालच्या दवाखान्यात तिची पहिली नेमणूक होती. बस दिवसातून एकदा, तीही रडतखडत. "वहिनी, आजच्या दिवस तुझी गाडी दे ना," असं तिने गळ्यात पडून म्हटलं आणि वहिनीने दिली. पण वहिनी काही नुसती किल्ली देणारी बाई नव्हती. घाटाचा उतार, पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली आणि पुढच्या ब्रेकचे पॅड झिजत आलेले. सकाळीच ती मागच्या अंगणात गाडी घेऊन बसली आणि नवे पॅड घातले.

पुढच्या चाकाच्या तबकडीला चिमटीत धरणारा ब्रेकचा जबडा दोन बोल्टांवर बसतो, एक वर, एक खाली. दोन्हींना तीसचा पीळ. वहिनीने पाना तीसवर लावला, वरचा बोल्ट आवळला. कट्. भिंगरीने टाकून दिलेल्या लाल नेलपॉलिशची कुपी तिने यासाठीच जपली होती. बोल्टावरून जबड्यावर एक बारीक रेघ ओढली, म्हणजे बोल्ट पुढेमागे हलला तर रेघ तुटून कळावं. खालच्या बोल्टाकडे वळणार तोच करपल्याचा वास आला.

"दूध!" असं ओरडून ती आत धावली.

दुधाने आपलं काम चोख केलं होतं. ओट्यावरून ते जमिनीवर उतरलं होतं. पुसून, पातेलं भिजत टाकून वहिनी परत आली तर भिंगरी तयार होऊन गाडीशी उभी आणि तोंडाचा पट्टा सुरू. पहिल्याच दिवशी म्हैस पुढे आणली तर? साहेब खडूस असले तर? वहिनीने हं हं करत पाना उचलला, खालच्या बोल्टावर चढवला, ओढला. कट्. लाल रेघ. "झालं बाई तुझं. जा, पण घाटात दामटू नकोस." भिंगरी आप्पांच्या पाया पडली, वहिनीच्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

हत्यारं आवरायला वहिनी खाली बसली. पाना उचलून मूठ दहावर आणायला गेली, तर मूठ आधीच दहावर होती.

तिने ती दोनदा पाहिली. आपण मूठ फिरवली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आप्पा झारीने कुंड्यांना पाणी घालत होते.

"बाबा, पान्याला तुम्ही हात लावलात का?"

"लावला ना! तीसवर तसाच टाकून गेली होतीस. उतरवून ठेवला, पुसलाही."

"कधी?"

"तू दुधामागे धावलीस तेव्हा."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पांना तिचा चेहरा कळला, मग पाना कळला, मग सगळंच कळलं. झारी हातातून सुटली नाही, पण पाणी त्यांच्या पायांवर पडत राहिलं.

खालचा बोल्ट दहावरच वाजला होता. पाना खोटं बोलला नव्हता. त्याला दहा सांगितलं, तो दहाला वाजला. एवढ्या लवकर कसा वाजला हे हाताला कळायला हवं होतं, पण हाताचं ऐकायचं वहिनीने त्या पान्यासाठीच सोडून दिलं होतं आणि कान भिंगरीने व्यापले होते. आता पोरगी घाटाकडे निघाली होती, आणि तिचा पुढचा ब्रेक एका पक्क्या आणि एका लेच्यापेच्या बोल्टावर लटकत होता. घाटापर्यंत सपाट रस्ता, तिथे ब्रेक लागतोच किती? उतारावर मात्र प्रत्येक वळणाला सगळा भार त्या जबड्यावर येणार. बोल्ट थरथरून सुटत गेला तर जबडा फिरून चाकातच अडकणार. पुढचं तिला डोळ्यांपुढे आणवेना.

फोन लावला. वाजून वाजून थांबला. फोन पिशवीत, पिशवी पाठीवर, डोक्यात हेल्मेट. पुन्हा लावला. तेच.

शेजारी गाडी चालवायला शिकवणारी एक बाई राहायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत. गल्लीत त्या वेळी उभी असलेली एकुलती एक मोटार तिचीच होती, टपावर 'शिकाऊ' अशी भलीमोठी पाटी मिरवणारी. वहिनीने अर्ध्या वाक्यात सांगितलं, मास्तरणीने अर्ध्या वाक्यात ऐकलं आणि किल्ली घेतली. आप्पा पायांत ओल्या चपला तशाच घालून, पान्याची पेटी छातीशी धरून मागे बसले.

आता गंमत अशी, की असल्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तरीण स्वतः चालवत होती, तेव्हा त्या बाजूला बसली होती वहिनी. पहिल्याच चौकात तिने घाबरून पाय दाबला आणि गाडी आचके देत बंद पडली. मागून शिव्या आल्या.

"तुझा पाय काढ तिकडून!" मास्तरीण कडाडली.

"चुकून पडला हो."

"चुकून नाही. घाबरलेला माणूस ब्रेकच दाबतो. मांडी घालून बस!"

वहिनी सीटवर मांडी घालून बसली. शिकाऊ पाटी पाहून बसवाले, ट्रकवाले, सायकलवालेसुद्धा त्यांना लांबूनच वाट देत होते. एवढ्या वर्षांत ही पाटी आपल्या कामी आली ती आजच, असं मास्तरीण म्हणाली. कुणी हसलं नाही.

वहिनीचा राग वर चढत होता. गाव मागे पडल्यावर तो बाहेर पडला. "काम चालू असताना कशाला हात लावायचा, बाबा? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मागून आप्पा हळूच म्हणाले, "पुस्तिकेत लिहिलंय." आणि लगेच, "नाही. पुस्तिकेत काम झाल्यावर असं लिहिलंय. काम झालं का, ते मी विचारलं नाही."

वहिनीला आपलीच जीभ टोचली. हा माणूस म्हणू शकला असता, की काट्याचा पाना घे म्हणून मी दुकानात कानीकपाळी ओरडत होतो. काटा डोळ्यांपुढे असता तर असं झालंच नसतं. तो म्हणाला नाही. "आवळण्याआधी आकडा बघायचा असतो," ती म्हणाली. "तो बघणं माझं काम होतं."

"लोकांचे काटे तपासत आलो उभा जन्म," आप्पा म्हणाले. "पोटच्या पोरीला चुकीच्या मापावर पाठवलं मी."

"नुसतं बोलत बसू नका," मास्तरीण म्हणाली. "लाल मोटारसायकल कुठे दिसते का बघा."

वाटेतल्या दोन्ही पंपांवर ती नव्हती. टपऱ्यांवर नव्हती. खिंड जवळ येऊ लागली, खिंडीपलीकडे उतारच. वहिनी फोन लावत होती, तो वाजत होता. आणि मग खिंडीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. एक टेम्पो तिरपा उभा, भोवती माणसं दाटीने वाकून खाली बघताहेत. गर्दीबाहेर लाल मोटारसायकल. जमिनीवर हेल्मेट.

मास्तरणीने गाडी पुरती थांबवायच्या आत आप्पा उतरले. त्यांना धावताना वहिनीने कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःला मात्र आधी मांडी मोडून उतरावं लागलं. आप्पा माणसं दोन्ही हातांनी बाजूला सारत आत घुसले आणि आतून त्यांची हाक ऐकू आली, "भिंगरे!"

"आप्पा, हलू नका, तिला धक्का लागेल!"

भिंगरीचाच आवाज, आणि चांगला खणखणीत. वहिनी कशीबशी पोचली. गर्दीच्या मधे एक गाय मान ताठ करून उभी होती, दोघांनी तिची शिंगं धरली होती, आणि भिंगरी दंडापर्यंत हात गाईच्या घशात घालून, डोळे मिटून काहीतरी चाचपत होती. गाय टेम्पोतून चालली होती, शेजारी बटाट्यांची पोती. गाईने प्रवासाची सोय म्हणून एक अख्खा बटाटा गिळला आणि तो घशात अडकला. मालक रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता, आणि नेमकी जनावरांची डॉक्टरीण आली.

"आला, आला," भिंगरी पुटपुटली आणि लाळेने माखलेला बटाटा ओढून बाहेर काढला. गाईने असा काही निःश्वास टाकला की मालक मटकन खाली बसला. वहिनीही त्याच्या शेजारी बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते दोघांनाही एकदमच कळलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि आप्पा, ज्यांनी लेकीला ती शाळेत जायला लागल्यापासून कधी जवळ घेतलं नव्हतं, ते तिला लाळेसकट कवटाळून उभे होते.

"अहो आप्पा, कपडे! काय झालं काय? तुम्ही इथे कसे? वहिनी?"

"माझी चूक झाली," आप्पा म्हणाले.

"माझी," वहिनी त्याच दमात म्हणाली.

"वाटून घ्या नंतर," मास्तरीण म्हणाली. "आधी तो बोल्ट बघा."

वहिनी चाकापाशी बसली. दोन्ही लाल रेघा सरळ होत्या, म्हणजे बोल्ट अजून हलला नव्हता. तिने पाना तीसवर लावला आणि आप्पांपुढे धरला. "बाबा, आकडा वाचा."

आप्पांनी चष्मा शर्टाला पुसला. "तीस."

वरचा बोल्ट. जागचा हलला नाही, पाना लगेच वाजला. खालचा. वहिनीने ओढलं आणि बोल्ट सरकला. सगळ्यांच्या देखत लाल रेघ तुटली, तिची दोन टोकं लांब होत गेली, आणि मग कुठे कट् झालं. भिंगरीने खिंडीकडे पाहिलं, मग बापाकडे. तिने त्यांचा हात धरला.

वहिनीने सगळेच बोल्ट तपासले, चाकाचेसुद्धा. प्रत्येक वेळी आकडा आप्पांनी वाचला. मग तिने गाडी थोडी पुढेमागे चालवून, ब्रेक दाबून पाहिला आणि किल्ली नणंदेला दिली. भिंगरीला उशीर झाला होता. गाईचा मालक म्हणाला, साहेब काही बोलले तर मला बोलवा, मी गाय घेऊन येतो.

भिंगरी निघाली तरी आप्पा मोटारीकडे वळेनात. ते खिंडीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. वहिनीही गेली. तिथून सगळा उतार दिसत होता, एकाखाली एक वळणं, आणि त्यांतून उतरणारा लाल ठिपका. पहिल्या वळणाशी मागचा दिवा पेटला.

"लागला," आप्पा म्हणाले.

दिव्याला काय, ब्रेकची दांडी नुसती दाबली तरी तो पेटतो. खाली जबडा जागेवर असो की नसो. वहिनीला हे माहीत होतं. ती दिवा बघतच नव्हती, गाडीचा वेग बघत होती. ठिपका मंदावला, वळला, पुन्हा पुढे निघाला.

"धरला," ती म्हणाली.

दुसऱ्या वळणाला ते म्हणाले, लागला. ती म्हणाली, धरला. तिसऱ्याला तेच. मास्तरणीने एकदा हॉर्न वाजवून पाहिला आणि मग तीही गाडीतून उतरून त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. शेवटचं वळण झाडीपलीकडे होतं. ठिपका झाडीत शिरला, आणि दिवा लागला की नाही ते दिसलं नाही. तिघंही कठड्यावरून वाकले. मग अगदी खाली, सपाट रस्त्यावर, गाडी बाहेर पडली आणि भिंगरीने वळून न बघताच एक हात वर केला.

आप्पांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि ते रडायला लागले, मोठ्याने, लाज न बाळगता. वहिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं.

"पोचली, बाबा," ती म्हणाली. "उतरली खाली. पोचली."